निली कुठे बघते

लातूर, ११ फेब्रुवारी १९८७

“लेकरू म्हंजे काय पुस्तक हाय का मास्तरीण, वाचून कळायला?”

शिवमूर्तीच्या वेळी मी पहिलटकरीण होते. बाळाच्या संगोपनाचं एक पुस्तक उशाशी घेऊन झोपायची. तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, हे म्हणाल्या होत्या. शिवमूर्ती आता उदगीरला काकांकडे राहून अकरावीला आहे, पुस्तक कधीच कुणीतरी नेलं, पण ते वाक्य काही मनातून गेलं नाही. आज आठवलं, कारण आज मी ही वही आणली आहे ती मला निलीला वाचता यावं म्हणूनच. रोज नाही जमणार. जे दिसेल ते लिहायचं, एवढं ठरवलंय.

नीलांबिका, घरातली निली. जूनमध्ये सात पूर्ण होतील. दीड वर्षापर्यंत चारचौघींसारखी होती. पेला धरायची, ‘दे’ म्हणायची, अव्वांच्या डबीतली विभूती स्वतःच्याच कपाळाला फासून घ्यायची. मग आधी शब्द गेले आणि नंतर हात. हात आहेत, पण तिचे राहिले नाहीत. छातीशी एकात एक गुंतून सारखे चोळत असतात. ती झोपली की तेही झोपतात.

या हिवाळ्यात तिची छाती दोनदा भरली. खाणं उतरत चाललंय. उचलून घेताना इतकी हलकी लागते की मनात चर्र होतं. इथल्या एका डॉक्टरांनी “मतिमंद आहे, जपा” म्हणून चिठ्ठी दिली. जपा म्हणजे काय करा, ते नाही सांगितलं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी नांदेडच्या डॉ. मुखेडकरांचं नाव सुचवलं. मुंबईला शिकून आलेत. ह्यांना कचेरीच्या टंचाई शाखेतून सुट्टी मिळणं शक्य नाही. नवा जिल्हा झाला तसे हे उस्मानाबादहून इथे आले, आणि आले ते जणू टँकर मोजायलाच. म्हणाले, “अव्वाला संगं घेऊन जा.”

जाणार. तिला अशी विरघळू देणार नाही.

१५ फेब्रुवारी

काल नांदेडहून आलो. सगळं आठवून लिहिते.

एस.टी. लोह्याला थांबली. एक बाई डालगं घेऊन चढली, निलीसमोर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई, ही पोरगी हात काय धुऊन राहिली! आमच्या गावात प्यायला घोट न्हाई, अन् हिचं बघा!” अर्धी गाडी हसली. मीही कसनुसं हसले. अव्वांनी निलीच्या हातांवर आपला पदर टाकला आणि म्हणाल्या, “तुमच्या बी वाटचं धुऊन राहिलीय, माय. दुवा दे तिला.”  उतरताना त्या बाईनं निलीच्या ओटीत दोन बोरं टाकली.

डॉक्टर तिशी-पस्तिशीचे. त्यांनी बराच वेळ निलीला हातसुद्धा लावला नाही, नुसतं बघत बसले. मग तिचे दोन्ही हात अलगद सोडवले, धरले, सोडले. हात परत छातीशी जाऊन गुंतले. शब्द कधी गेले, श्वास कोंडते का, दात खाते का, पाय थंड असतात का, असं विचारत गेले. पाय थंड हे त्यांना कसं कळलं? भर वैशाखातही तिचे पाय माठासारखे असतात.

“बाई, याला रेट सिंड्रोम म्हणतात,” ते म्हणाले. “व्हिएन्नातल्या रेट नावाच्या डॉक्टरांनी वीसेक वर्षांमागं ओळखला. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. आत्ता तीन-चार वर्षांत सगळीकडं बोलायला लागलेत. मी मुंबईत अशी एकच मुलगी पाहिलीय. जवळजवळ सगळ्या मुलीच असतात. कशामुळं होतो ते अजून कुणालाच माहीत नाही.”

मग मी विचारलंच. निली पोटात असताना खग्रास ग्रहण लागलं होतं, आणि वर्गातल्या मुलींना सावल्या दाखवायला मी अंगणात उतरले होते. जाऊबाई आजही ते बोलून दाखवतात. अव्वा त्यावर कधी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला जास्त टोचायचं.

डॉक्टर म्हणाले, “स्वीडनमध्येही अशा मुली आहेत, त्यांच्या आया कुठल्या अंगणात उतरल्या होत्या? ते डोक्यातून काढून टाका.”

सात वर्षांचं ओझं असं एका वाक्यात खाली ठेवता येतं, हे ठाऊक नव्हतं. मी रडले. निली माझ्याकडे बघत होती.

पुढे त्यांनी विचारलं, “खाते कशी? दाखवा.”

अव्वांनी तिथंच जमिनीवर पाय लांब केले, निलीला पायांवर आडवं घेतलं, मान मागं केली आणि पिशवीतल्या बाटलीतलं ज्वारीचं आंबील वाटीनं तिच्या तोंडात सोडलं. तान्ह्या बाळाला बोंडल्यानं पाजतात तसंच. आमच्याकडे सगळ्यांची मुलं अशीच वाढली आहेत. निली ठसकली.

“थांबा आजी, थांबा!” डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. “हे पोटात नाही, छातीत चाललंय.”

अव्वांची वाटी हातातच राहिली.

डॉक्टरांनी मग एकेक सांगितलं. ताठ बसवायचं, समोर आडवी पट्टी असलेली खुर्ची करून घ्यायची. हनुवटी किंचित खाली. पातळ नको, घट्ट. छोटा चमचा, आणि घास गिळला की मगच पुढचा. एका कोपराला पुठ्ठ्याची नळी बांधायची, म्हणजे हात तोंडात जात नाही आणि ती शांत होते. झटके आले तर औषध आहे. पाठीकडं लक्ष ठेवायचं, रोज उभं करायचं, चालवायचं.

“आणि तिला कळत नाही असं धरून चालू नका. हात आणि जीभ तिचं ऐकत नाहीत, पण नजर ऐकते. दोन वस्तू समोर धरा, विचारा, आणि थांबा. तुम्हाला वाटेल त्याच्यापेक्षा जास्त थांबा.”

मी विचारलं, “बरी होईल?”

“नाही. तसं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पण आहे त्याहून पुष्कळ चांगली राहू शकते. मात्र पावसाळ्याच्या आत वजन वाढायला हवं. या अंगानं तिसऱ्यांदा छाती भरली तर ती टिकायची नाही.”

 येताना गाडीत निली अव्वांच्या खांद्यावर झोपली होती.

१७ फेब्रुवारी

सकाळी अव्वांनी लिंगपूजा उरकली. पळीभर पाण्यात सगळं करतात आता. मग सवयीनं पाय लांब केले आणि निलीला ओढून घेतलं. मी न्हाणीतून धावत आले आणि ओरडले, “डॉक्टर काय म्हणाले ऐकलं नाही का? तुमच्या याच मांडीवर तिची छाती भरली, अव्वा. दोन्ही वेळा!”

“म्या सात लेकरं ह्याच मांडीवर वाढवली, मास्तरीण.”

“त्यातली पाच जगली,” मी म्हणाले.

हे मी लिहून ठेवते आहे. नाही लिहिलं, तर काही दिवसांनी मी असं बोललेच नव्हते असं मला वाटायला लागेल.

त्या उठल्या. दांडीवरचं लुगडं ओढून घडी घातली, डबी पिशवीत टाकली. हे कचेरीत निघाले होते, दारातच थांबले. अव्वा त्यांना म्हणाल्या, “मला उदगीरच्या गाडीत बसव. बसवराजच्या घरी माझ्या हाताचं खाऊन कुणी मरत न्हाई.”

त्या गेल्यावर घर मोकळं वाटलं. खोटं कशाला लिहू. आता सगळं नीट, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे होईल.

२ मार्च

शाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत रजा मिळाली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “शरणाबाई, जूनमध्ये मात्र यावंच लागेल. पुढं संस्था थांबायची नाही.” जूनचं जूनला.

गंजगोलाईतल्या सुतारानं खुर्ची करून दिली. समोर आडवी पट्टी, बगलेला कापडाचे लोड. निलीला बसवलं आणि ती एकदम मोठी दिसली. शाळेत जाणाऱ्या मुलीसारखी.

भाकरी दुधात कुस्करून तिच्यात शेंगदाण्याचं कूट, वर तूप. केळं मिळालं तर केळं. घट्ट. एका जेवणाला इतका वेळ लागतो की ते उरकेपर्यंत पुढचं मांडावं लागतं. पण ठसका नाही! दोन आठवडे झाले, रात्रीचा खोकला नाही.

पुठ्ठ्याची नळी बांधली की दुसरा हात एकटा पडतो, हवेत काहीतरी शोधतो आणि मग निवांत मांडीवर उतरतो. किती वर्षांनी मी तिचा तळहात उघडा पाहिला.

१० मार्च

आज एका हातात पाण्याचा तांब्या धरला, दुसऱ्यात दुधाची वाटी. विचारलं, “निली, काय पाहिजे?”

थांबले. माझे हात भरून आले. ती दुसरीकडेच बघत होती. हात खाली घेणार तेवढ्यात तिनं मान वळवली आणि तांब्याकडे बघितलं. हात बदलले. पुन्हा तांब्याकडे.

सात वर्षांची होत आलेली माझी लेक मला आज पहिल्यांदा म्हणाली, पाणी.

की आज मला पहिल्यांदा ऐकू आलं?

२६ मार्च

दुधापेक्षा पाणी, केळ्यापेक्षा चिकू. लाल झगा नको, निळाच. रेडिओ हवा. हट्टी आहे पोर! हे घरी आले की मी एकेक दाखवते. ते दमलेले असतात, चपला काढता काढता म्हणतात, “हां, बघितलं.” आणि मग कितीतरी वेळ तिच्यासमोर उकिडवे बसून राहतात.

पण एक नवीन सुरू झालंय. दुपारी जेवायला बसवलं की ती आतल्या भिंतीकडे बघत राहते. तिथं काहीच नाही. पोत्याची जुनी पट्टी अंथरलेली आहे आणि वर रिकामी दांडी. बोलावलं तरी नजर हलत नाही. घास तोंडात तसाच राहतो. झटक्याचा हा एक प्रकार असतो असं डॉक्टर म्हणाले होते, मुलं टक लावून बसतात. लक्ष ठेवायला हवं.

४ एप्रिल

भिंतीकडचं बघणं वाढलं. मी खुर्चीच उलटी फिरवली, खिडकीकडे तोंड करून. बाहेर रस्ता आहे, शेळ्या जातात, तेवढंच मन रमेल.

रमलं नाही. श्वास कोंडला, करकर दात खाल्ले, मान इतकी मागे वळवली की मला भीती वाटली. संध्याकाळी चार घाससुद्धा गेले नाहीत.

१७ एप्रिल

पाण्यावरून आज गल्लीत जोरात भांडण झालं. टँकर आला आणि पाइप कुणी आधी धरायचा यावर घागरीला घागरी लागल्या. आमच्याकडे भांडी घासायला येणारी पंचफुला सगळ्यांत पुढे. आजकाल भांडी राखेनंच घासते, पाणी पुसण्यापुरतं. मला बघून तिनं आवाज चढवला, “जिल्हा झाला, साहेब लोक आले, हापिसं आली. पानी तेवढं उस्मानाबादलाच राहिलं का वो, बाई? तुमच्या मालकाला इचारा, फायलीत बांधून आणता येतं का!” सगळ्या बाया हसल्या. हे टँकरवरच उभे होते, तेही हसले. मला वाटतं, महिन्याभरात पहिल्यांदा.

घरात येऊन निलीला दवाखान्यात नेलं. वजन फेब्रुवारीपेक्षाही कमी भरलं.

मी काटा परत परत बघितला. खोकला नाही, ठसका नाही. घट्ट खाणं, ताठ बसवणं, सगळं जसंच्या तसं करते आहे. मग कुठे चुकतंय?

१९ एप्रिल

पुन्हा नांदेड. एकटीच गेले निलीला घेऊन. डॉक्टरांनी दात बघितले, कान बघितले, पोट दाबून पाहिलं. शौचाला कडक होत होती, त्याचं औषध दिलं. भिंतीकडे टक लावण्याचं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “अशी बघत असताना हाक मारली, अंगाला हात लावला तर भानावर येते?” येते. माझ्याकडे बघते आणि परत भिंतीकडे. “मग हा झटका वाटत नाही,” ते म्हणाले.

निघताना विचारलं, “घरात काही बदललंय का?”

“नाही,” मी म्हणाले. “उलट सगळं सुधारलंय.”

“आजी बऱ्या आहेत?”

“बऱ्या आहेत. उदगीरला असतात.”

ते काहीतरी बोलणार होते, पण बाहेर कुणाचं तरी मूल जोरात रडायला लागलं.

६ मे

ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका बसतो. निलीच्या अंगावर ओलं फडकं ठेवते, त्याचं पाणी मग तुळशीला.

आज नवीन काहीतरी करावं म्हणून चित्रं केली. तांब्या, केळं, रेडिओ पुठ्ठ्यावर काढले. माणसांची चित्रं काही मला जमेनात. ट्रंकेत मागच्या दिवाळीला उदगीरच्या स्टुडिओत काढलेला फोटो होता. तो कात्रीनं कापला. एका पुठ्ठ्यावर हे, एकावर मी. दोन्ही समोर धरून विचारलं, “बाबा की आई?”

खूप थांबले. तिनं बाबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. तिची नजर सरळ खाली, जमिनीवर. हनुवटी धरून वर केली, तर पुन्हा खालीच. तिथं फोटोची कातरणं पडली होती, बस.

तिला फोटोतली माणसं ओळखता येत नसावीत. किंवा आज लक्ष नाही. सोडून देऊ नये तो प्रयोग, पुन्हा करून बघावा.

संध्याकाळी फक्त पाणी घेतलं.

७ मे

सकाळी पंचफुला झाडू मारत होती. खुर्चीपाशी थांबली, वाकली, काहीतरी उचललं आणि हसत म्हणाली, “बाई, म्हातारीला केरात टाकलं का काय?”

तिच्या बोटांत फोटोचा कापलेला कोपरा होता. पाटावर बसलेल्या अव्वा, नाकातली नथ, मांडीवर निलीचे पाय.

आणि निली हसली. साधं नाही, खदखदून, सगळं अंग हलवून. दोन-अडीच महिन्यांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं आणि ते ऐकलं नाही हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पंचफुला घाबरली. “अगं बया, इला काय झालं?” तिनं कोपरा उजवीकडे नेला, निलीची नजर उजवीकडे. डावीकडे, तर डावीकडे. माझ्या हातात दिला, तर माझ्या हाताकडे.

आतल्या भिंतीला अव्वांची पोत्याची पट्टी आहे. दुपारी त्या तिथं बसायच्या. वरच्या दांडीवर त्यांचं लुगडं असायचं.

मी खुर्ची तिथून फिरवली होती. आणि डॉक्टरांना म्हणाले होते, घरात काही बदललेलं नाही.

८ मे

ह्यांना सांगितलं. ते कपबशी खाली ठेवून म्हणाले, “ती अव्वाच्या जागेकडं बघते, हे मला कधीचं दिसत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू डॉक्टरांचं सगळं पाठ करून बसली होतीस. त्यात हे नव्हतं.” मग म्हणाले, “आणि अव्वाला काय बोललीस, तेही मी दारात ऐकलं होतं. मी काही बोललो असतो तर ते आईची बाजू घेणं झालं असतं. मला निलीची घ्यायची होती.”

 मी खुर्ची उचलली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवली. फोटोचा कोपरा खिळ्याला अडकवला. निलीनं त्या कोपऱ्याकडे बघत अर्धी वाटी काला खाल्ला.

१५ मे

कागदाच्या अव्वांवर भागत नाही. दोन-तीन दिवस खाल्लं, मग पुन्हा कमी. तिला फसवता येत नाही, हे बरंच म्हणायचं.

हे उदगीरला जाऊन आले. काय झालं ते मी त्यांना शब्दाला शब्द सांगायला लावलं. अव्वा म्हणाल्या, “मी त्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार न्हाई. लेकराचा दोष न्हाई, पर माझ्या मांडीवर डाग लागला. तो मास्तरणीनं लावला.” मग ह्यांना जेवू घातलं आणि निघताना विचारलं, “खाती का?” हे खोटं बोलले. खाते म्हणाले.

मी स्वतः जायला हवं. पण काय तोंड घेऊन जाऊ? त्यांनी यावं, पण पुन्हा तसंच आडवं पाजावं, हे मी होऊ देऊ शकत नाही. डॉक्टर त्यात चूक नाहीत. मीही त्यात चूक नाही. माफी मागायची आणि आपलं म्हणणंही सोडायचं नाही, असं कुणी ऐकून घेतं का? जन्मभर ज्या रीतीनं मुलं वाढवली ती सोडा आणि वर आमच्याकडेही या, असं सांगायचं. मी त्यांच्या जागी असते तर दार लावून घेतलं असतं.

३१ मे

निलीला ताप. मी आणि हे आळीपाळीनं तिच्या छातीला कान लावत बसलो. छाती मोकळी निघाली, ताप उन्हाचाच होता. पण पाठीचे मणके हाताला इतके लागले की मी ठरवून टाकलं. शाळा पंधराला उघडेल. मी कामावर गेले तर तिच्यासमोर कोण बसणार? पंचफुला चार घरं करते. निली कुणाच्याही हातचं खात नाही. आणि मी नोकरी सोडून समोर बसले तरीही ती माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडेच बघेल.

ताप उतरला की उदगीर.

८ जून, उदगीर

काल संध्याकाळी आलो. आभाळ कोरडं आहे. सगळ्या रस्त्यानं निलीला मांडीवर ताठ बसवून आणलं.

जाऊबाई गंगम्मा दारात आल्या, तांब्यात पाणी दिलं. बसवराज भावजी आणि सुट्टीत त्यांना हात देणारा शिवमूर्ती दुकानातून आले, निलीच्या डोक्यावर हात ठेवून परत गेले. अव्वा स्वयंपाकघरात होत्या. बाहेर आल्या नाहीत. पण आवाज आला, माझ्याशी नाही, जाऊबाईंशी: “गंगे, सांग तिला. आजारी लेकराला असल्या उन्हात एस.टी.नं फिरवू नये म्हणावं. शिकलेल्या बाईला तेवढं बी कळत न्हाई का म्हणावं.”

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. “ऐकू आलं ना? का पुन्हा सांगू?”

तो आवाज ऐकताच निलीचे हात थांबले. एका क्षणापुरतेच, पण मी पाहिले. जागी असताना, नळी न बांधता तिचे हात असे कधी थांबलेले मी पाहिले नव्हते. मग तिनं मान वळवली स्वयंपाकघराच्या दाराकडे.

रात्री जाऊबाईंनी भात भरवून पाहिला. निलीनं तोंड उघडलं नाही. अव्वा तोवर माडीवर झोपायला गेल्या होत्या. “गुडघे दुखून राहिलेत म्हणून रोज खालीच झोपतात. आजच माडीवर का चढल्या, ते तुम्हालाच ठाऊक,” जाऊबाई म्हणाल्या.

९ जून, उदगीर

सकाळचं लिहिते आहे. निलीला घेऊन ओसरीवर बसले आहे. कोपऱ्यात एक नवी छोटी खुर्ची आहे, समोर आडवी पट्टी असलेली, अजून रंधा मारलेल्या लाकडाचा वास येतो. जाऊबाईंच्या नातवासाठी केली असेल. तो अजून रांगतही नाही, आजी लोकांना हौस दांडगी. निलीला मी तिच्यातच बसवलंय. उंचीला बरोबर बसली, माझे हात जरा मोकळे झाले.

अव्वा समोरच्या खोलीत पूजेला बसल्या आहेत. डावा तळहात छातीसमोर धरलेला, त्यावर लिंग, आणि डोळे त्याच्यावर. पूजा चालू असताना त्यांच्याशी कुणी बोलत नाही. त्यांनी दार लावून घेतलेलं नाही. निली त्यांच्याकडे बघते आहे. बराच वेळ झाला, दोघींचीही नजर हललेली नाही.

जाऊबाई मघाशी जाता जाता कानात म्हणाल्या, “पाया पडा, रडा, जमलं तर. पण सरळ सांगते, म्हातारी ऐकायची न्हाई. चार महिन्यांत तुमचं नाव काढू दिलं नाही तिनं.” मीही तीच तयारी ठेवून आले आहे. ‘नाही’ म्हणाल्या तर रोज येईन, असं नाही म्हणणार. रोज येणं जमायचं नाही. पण इथेच एक खोली बघेन, शाळा सोडेन, निली त्यांना दिसेल अशा ठिकाणी बसवेन. ते सगळं ‘नाही’ ऐकल्यावर.

आधी मी पाच आणि सातबद्दल जे बोलले, त्याची माफी. ती मिळो न मिळो. मग दुसरं, ज्याला त्या नक्कीच नाही म्हणतील.

अव्वांनी लिंग पुन्हा वस्त्रात बांधलं. गळ्यात घातलं. विभूतीची डबी मिटली. आता उठतील.

मनात घोकून ठेवलंय ते इथे लिहिते, म्हणजे ऐन वेळी शब्द फिरवणार नाही:

अव्वा, आमच्याकडे चला. निलीला तुमच्याच हातानं भरवा. पण मांडीवर आडवं न घेता.